1977 ची कॅडिलॅक की लिंकन? बारा इंचांचा प्रश्न

अमेरिकेतल्या अवाढव्य आलिशान गाड्यांच्या काळातली एक गाडी आपल्या दारात असावी, असं एकदा मनाने घेतलं की शोध फिरून फिरून दोन नावांपाशी येऊन थांबतो: जनरल मोटर्सची कॅडिलॅक सेडान डी व्हिल आणि फोर्डची लिंकन कॉन्टिनेंटल. क्रायस्लरची इंपीरियलही त्याच घराण्यातली, पण 1975 नंतर ती बंद झाली आणि आज चांगल्या अवस्थेतली क्वचितच विकायला येते, म्हणून तिला इथे बाजूला ठेवतो. माझ्या मते खरी निवड 1977, 1978 आणि 1979 या तीन वर्षांतल्या कॅडिलॅक आणि लिंकनमध्ये आहे. मी ती करून बसलो आहे. कॅडिलॅक घेतली, आणि तरीही लिंकनबद्दल मला मनापासून आदर आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या.

हीच तीन वर्षं का? 1976 पर्यंत दोघी अगदी तोलामोलाच्या होत्या. त्या वर्षीची डी व्हिल 230.7 इंच लांब, म्हणजे जवळजवळ 5.86 मीटर, आणि लिंकन 233 इंच. अशी एक गाडी उभी केली की दहा बाय बाराची एक खोली भरून जाते. लांबी-रुंदीचा गुणाकार करून बघा, थोडा जास्तच येतो. 1977 मध्ये जनरल मोटर्सने डी व्हिलला कात्री लावली. लांबी 221.2 इंचांवर आली, वजन सुमारे 900 पौंडांनी उतरलं, 8.2 लिटरच्या इंजिनाच्या जागी 7 लिटरचं आलं. फोर्डने मात्र लिंकनच्या मापाला हात लावला नाही. ती 1979 पर्यंत 233 इंचांवरच राहिली आणि 1980 मध्ये तीही आटली. म्हणजे तीन वर्षं अमेरिकन गिऱ्हाईक शोरूममध्ये जायचं तेव्हा त्याच्यापुढे दोन वेगवेगळे विचार उभे असायचे, आणि 1977 मध्ये तर दोन्ही दहा हजार डॉलरच्या आतच. एक म्हणायची काळ बदलला. दुसरी म्हणायची, बदलला असेल, पण आम्ही अजून इथेच आहोत.

काळ बदलला होताच. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, 1974 च्या सुरुवातीला देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा लागली, आणि डिसेंबर 1975 च्या कायद्याने 1978 पासून कंपन्यांच्या सगळ्या मोटारींची सरासरी गॅलनला 18 मैल हवी असं ठरवलं. जनरल मोटर्सने हे ओळखून आधीच आराखडे बदलले होते. तरी कापलेली कॅडिलॅक लोक घेतील का, ही धाकधूक असणारच. लोकांनी घेतली. 1977 मध्ये साडेतीन लाखांहून जास्त कॅडिलॅक बनल्या, तोवरचा तो विक्रम होता. आणि त्याच वर्षांत लिंकनचीही विक्री वाढली, कारण ज्यांना जुनंच माप हवं होतं त्यांना आता जायला एकच दार उरलं होतं.

मी डेट्रॉइटजवळ नोवायला राहतो. ही लिंकन जिथे बनायची तो फोर्डचा विक्समचा कारखाना आमच्या शेजारच्याच गावात होता. 1957 ते 2007 अशी पन्नास वर्षं तो चालला. कॅडिलॅकचा क्लार्क स्ट्रीटचा कारखाना खुद्द डेट्रॉइट शहरात होता, तो 1987 मध्ये बंद झाला. त्यामुळे या भागात या गाड्यांवर प्रत्यक्ष हात फिरवलेली माणसं अजून भेटतात, आणि प्रत्येकाचा पक्ष ठरलेला असतो.

आपल्याकडच्या वाचकांना या गाड्या अगदी परक्या नाहीत. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना 1928 पासून 1954 पर्यंत मुंबईत शिवडीला होता. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ जुळवायची. ‘इंपाला’ हा शब्द तर मुंबईत श्रीमंतीचं माप म्हणूनच वापरला जायचा. मात्र सत्तरच्या दशकातल्या या शेवटच्या अजस्र गाड्या आयातीच्या निर्बंधांमुळे तिकडे फारशा पोचल्याच नाहीत. आपल्या पिढीला हे टोक बघायचं असेल तर इथेच बघावं लागतं.

आता मूळ मुद्दा. माझी गाडी 1977 ची सेडान डी व्हिल. मंडळातल्या एका मित्राची 1978 ची टाऊन कार आहे, म्हणजे कॉन्टिनेंटलचीच जास्त नटवलेली आवृत्ती. त्याची शेड बांधून होईपर्यंत ती एक अख्खा हिवाळा माझ्या गॅरेजमध्ये राहिली. तेव्हा माझी कॅडिलॅक अजून यायची होती, पण बघणं चालू होतं. त्यामुळे दोन्ही गाड्यांशी माझा संबंध नुसत्या चकरेपुरता नाही. रोजच्या वागण्यातला आहे, आणि खाली जे लिहितो आहे ते त्यावरच बेतलेलं आहे.

चालवायला लिंकन जास्त सुखाची. हे मी कॅडिलॅकवाला असून सांगतो. रस्त्यावरचा सांधा, खड्डा, रेल्वेचे रूळ, काहीच वरपर्यंत येत नाही. वजन जास्त आहे, आणि ते वजन तुमच्या बाजूने काम करतं. काच वर केली की बाहेरचं जग दूर जातं. समोर लांबच लांब बॉनेट, त्याच्या टोकाला उभा तारा, आणि त्या ताऱ्याच्या रोखाने गाडी तरंगत जाते. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. चाकांचं काय चाललं आहे हे ते बोटाला अजिबात सांगत नाही, पण त्या काळात तीच तर अपेक्षा होती. सरळ, मोकळ्या रस्त्यावर, संध्याकाळच्या वेळी, लिंकनइतकी शांत गाडी मी चालवलेली नाही.

कॅडिलॅकही मऊच आहे, पण तिला आपलं शरीर कुठे संपतं ते ठाऊक आहे. वळणावर ती झुकते आणि थांबते. लिंकन झुकते आणि मग थोडा वेळ विचार करते. दुकानाच्या पार्किंगमध्ये कॅडिलॅक एका प्रयत्नात लागते. लिंकन लावताना मला दर वेळी खाली उतरून मागे जाऊन बघावंसं वाटायचं. रुंदीचाही फरक आहे. कॅडिलॅक 76 इंचांच्या जरा वर, तर लिंकन 80 इंचांना टेकलेली. हा 80 चा आकडा योगायोगाने आलेला नाही. 80 इंच किंवा त्याहून रुंद वाहनाला ट्रकसारखे कडेचे जादा दिवे लावावे लागतात, म्हणून सत्तरच्या दशकातल्या गाड्या फुगत फुगत त्या रेषेपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

मला ज्या गोष्टीचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं, ती आत बसल्यावर कळली. माझ्या आईचे गुडघे दुखतात. ती इथे आली होती तेव्हा दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर बसली. लिंकनमध्ये ती मागे रेलून बसली, सीटच्या उशांवर हात फिरवला आणि म्हणाली, ‘हे आमच्या दिवाणापेक्षा बरं आहे.’ पण उतरताना तिला हात द्यावा लागला. कॅडिलॅकमध्ये ती आपली आपण बसली आणि आपली आपण उतरली. कॅडिलॅकचा टप सरळ, खिडक्या उंच, दाराची चौकट चौकोनी. 1977 ची नवी गाडी आखताना जनरल मोटर्सने कात्री बाहेरून चालवली, आतून नाही. डोक्यावरची आणि पायांपुढची जागा उलट सुधारली असंच त्यांचं तेव्हा सांगणं होतं. मी टेप लावून बघितलेलं नाही. गणपतीत नऊवारी नेसलेल्या तिघीजणी मागे, पुढच्या सलग सीटवर आम्ही तिघे, आणि डिकीत पथकाचे दोन ढोल आडवे, एवढं घेऊन कॅडिलॅक कुरकूर न करता गेली. लिंकनमध्येही हे सगळं मावलं असतं, यात शंका नाही. पण तिथे वरचे बारा इंच माणसांच्या वाट्याला आले नसते. ते पुढे बॉनेटमध्ये आणि मागे डिकीच्या शेपटीत गेलेले आहेत.

या बारा इंचांनीच माझ्यापुरता निकाल लावला, आणि तो रस्त्यावर लागला नाही. गॅरेजमध्ये लागला.

इकडच्या नेहमीच्या घरांत गॅरेजची खोली वीस फूट धरलेली असते. वीस फूट म्हणजे 240 इंच. त्यातून लिंकनचे 233 वजा केले की उरतात सात. पुढे तीन, मागे चार अशी वाटणी केलीत तर गाडी आत मावते, कागदावर. प्रत्यक्षात समोरच्या भिंतीला आतून जिप्समचा थर असतो, त्यावर कुणीतरी फळ्या ठोकलेल्या असतात, आणि स्वयंपाकघरात जायच्या दारापुढे दोन पायऱ्या पुढे आलेल्या असतात. माझ्या गॅरेजमध्ये पायऱ्यांची बाजू लिंकनसाठी बादच होती. दुसऱ्या बाजूच्या फळ्या उतरवल्या, बर्फ उडवायचं यंत्र मागच्या अंगणात ताडपत्रीखाली गेलं, आणि मग गाडी आत आली.

इथे एक युक्ती सगळेच करतात. छताला दोरीने टेनिसचा चेंडू टांगायचा, गाडी पुढे आणत राहायचं, चेंडू समोरच्या काचेला टेकला की थांबायचं. लिंकनला ही युक्ती पुरत नाही, कारण तिला हवी तेवढी बिनचूक ती नाहीच. चेंडू जरा हलला, टायरमधली हवा जरा उतरली, तुम्ही ब्रेक जरा लवकर दाबला, की मागचा बंपर दाराच्या रेषेत राहतो. आणि मग काय होतं ते नीट सांगतो, कारण हेच मी हिवाळाभर बघितलं. 1993 पासून इथल्या विजेवर चालणाऱ्या गॅरेजच्या दारांना सेन्सर लागतो. त्याचा किरण जमिनीपासून सहा इंचांच्या आत असतो. लहान मूल किंवा मांजर मध्ये आलं तर दार थांबावं हा त्याचा हेतू. लिंकनचा बंपर त्या किरणाच्या बराच वर. त्यामुळे सेन्सरला अडथळा दिसतच नाही. दार सावकाश खाली येतं, बंपरच्या रबरी पट्टीला टेकतं, त्याला कळतं की काहीतरी लागलं, आणि ते पुन्हा सगळं वर जातं. बाहेर उणे दहा, तुम्ही हातमोजे घालून उभे, आणि दार वर. मग आत जायचं, गाडी चालू करायची, दोन बोटं पुढे घ्यायची, पुन्हा बटण.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण हिवाळ्यात उभ्या गाडीची बॅटरी जिवंत ठेवायला छोटा चार्जर लावावा लागतो. बॅटरी पुढे, बॉनेटखाली. बॉनेट पुढून उघडतं, म्हणजे समोर उभं राहायला माणसापुरती जागा पाहिजे. लिंकनच्या पुढे तीन-चार इंच. कडेने वाकून, कोपर कुठेही न टेकवता, आतली कळ चाचपडत शोधायची. बरं, गाडी उलटी घालून पाहिली. बॉनेट दाराकडे आलं, पण मग डिकी भिंतीला. आणि एकदा दार बंद झालं की गाडीभोवती फिरता येत नाही. ड्रायव्हरच्या बाजूने उतरलात की त्याच बाजूला राहायचं. दुसऱ्या बाजूच्या चाकात हवा भरायची असेल तर दार उघडून, बाहेरून, बर्फातून वळसा.

कॅडिलॅक त्याच जागी उभी केल्यावर जवळपास एकोणीस इंच उरतात. एकोणीस इंच म्हणजे एक माणूस आडवा होऊन पुढून जाऊ शकतो, हातात चहाचा कप असला तरी. बॉनेट उघडतं, चार्जर लागतो, दार पहिल्या बटणाला बंद होतं. फळ्या परत भिंतीवर गेल्या. हे कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, पण वर्षातले पाच-सहा महिने गाडी उभी असणाऱ्या प्रदेशात तुम्ही ती चालवण्यापेक्षा ठेवण्यातच जास्त वेळ घालवता. नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर मीठ पडलं की ती आत जाते, आणि एप्रिलचा पाऊस ते मीठ धुऊन नेईपर्यंत बाहेर येत नाही.

‘मग बाहेर झाकून ठेव’ असं सुचवणारे असतात. जुन्या गाड्यांचा ठरलेल्या किमतीचा विमा घेताना बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न हाच असतो की गाडी बंद, कुलपाच्या जागेत राहते का. तेव्हा गॅरेज ही सोय नाही, अटच आहे.

आता इंजिन आणि वर्ष निवडण्याबद्दल, कारण इथे लिंकनवाल्यांनी खास जपून राहायला हवं. 1977 च्या कॉन्टिनेंटलमध्ये 460 घन इंचांचं, म्हणजे साडेसात लिटरचं इंजिन नेहमीचं होतं. फक्त कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी 400 चं मिळायचं. 1978 मध्ये 400 नेहमीचं झालं आणि 460 जादा पैशांत. 1979 मध्ये 460 गेलंच. एवढं वजन ओढायला 460 च बरं, आणि ते पुढे फोर्डच्या ट्रकांमध्ये नव्वदच्या दशकापर्यंत बनत राहिल्याने त्याचे भाग आजही सहज मिळतात. शिवाय 1978 मध्ये लिंकनचा डॅशबोर्ड बदलला आणि फोर्डच्याच मर्क्युरी गाड्यांच्या धाटणीचा झाला. मित्राच्या गाडीत तोच आहे. वाईट नाही, पण 1977 चा बघितल्यावर त्यात काहीतरी उणं वाटतं. म्हणून लिंकन घ्यायचीच तर मी 1977 ची शोधीन. 1979 ची ‘कलेक्टर्स सिरीज’ नावाने आणि मानाने मोठी, शेवटच्या वर्षाची म्हणून तिला भावही जास्त, पण बॉनेटखाली 400 च.

कॅडिलॅकच्या तिन्ही वर्षांत 425 घन इंचांचं एकच पेट्रोल इंजिन आहे, त्यामुळे वर्ष रंग आणि अवस्थेवर ठरवलंत तरी चालेल. कार्बोरेटरवालं घ्या. इंधन इंजेक्शन तेव्हा जादा पैशांत मिळायचं, कागदावर 180 ऐवजी 195 अश्वशक्ती द्यायचं, पण आज ते समजणारा मिस्त्री मिळवणं अवघड आहे. कार्बोरेटर मात्र कुणीही जाणता माणूस उघडून बसवतो. फ्लीटवूड ब्रॉमही आता डी व्हिलच्याच मापाची आहे, तिला मागेही डिस्क ब्रेक आहेत. चांगली मिळाली तर मागेपुढे बघू नका. डिझेल इंजिनाची गाडी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी टाळा. आणि 1981 च्या, चालता चालता सिलिंडर बंद करणाऱ्या व्ही-आठपासून लांब राहा. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ती कल्पना पेलली नाही, हे आता सर्वमान्य आहे.

पेट्रोलचा हिशेब मुद्दामच मांडत नाही. माझ्या अनुभवात कॅडिलॅक थोडी कमी पिते, पण एवढ्यासाठी तिची निवड करावी इतका तो फरक नाही.

बघायला जाल तेव्हा दोन्ही गाड्यांत पहिल्यांदा मागच्या काचेच्या खालची कड बघा. तिथे टपावर चढवलेलं व्हायनलचं आवरण संपतं. अंगठ्याने हळूच दाबत जा. व्हायनलखाली कुरकुरीत लागलं, किंवा पापडासारखा आवाज आला, तर आतला पत्रा गंजला आहे, आणि तिथून आलेलं पाणी डिकीच्या तळापर्यंत पोचलेलं असणार. डिकीतला गालिचा उचलायला मालकाची परवानगी मागा. मालक नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.

लिंकनचं पुढचं तोंड झाकलेलं असतं. हेडलाइटवर झडपा आहेत आणि त्या इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, बारीक रबरी नळ्यांतून चालतात. गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास गप्पा मारा आणि मग परत पुढे येऊन बघा. झडपा मिटलेल्या असतील तर नळ्या धड आहेत. एखादी अर्धवट उघडली असेल तर कुठेतरी गळती आहे. इतक्या वर्षांनी रबर वाळणारच, त्यात गाडीचा दोष नाही, आणि नळ्या महागही नाहीत. पण त्या बॉनेटखालून डॅशबोर्डमागे जातात आणि शोधणाऱ्याची पाठ धरते.

कॅडिलॅकचा दुखरा भाग बंपर आणि पत्रा यांच्या मधला. 1973 पासून पुढच्या आणि 1974 पासून मागच्या बंपरने ताशी पाच मैलांचा धक्का सोसलाच पाहिजे असा नियम आला. त्यासाठी बंपर थोडा आत सरकायला हवा, म्हणून त्याच्या आणि बॉडीच्या मधल्या फटीत लवचीक प्लास्टिकचे रंगवलेले तुकडे बसवले. ते ऊन-थंडीने ठिसूळ होतात. माझ्या गाडीचा मागचा डावा तुकडा मी नुसत्या ओल्या फडक्याने पुसत होतो तर त्याचा नखाएवढा पापुद्रा फडक्यावर आला. नवे फायबर ग्लासचे मिळतात. ते घासून, दोन-तीनदा बसवून काढून, मग रंगवावे लागतात आणि रंगाची छटा कधी शंभर टक्के जुळत नाही. तरीही मी हा त्रास लिंकनच्या त्रासापेक्षा हलका मानतो, कारण तो एकदा करून संपतो.

मिशिगनमध्ये जुन्या गाडीची ऐतिहासिक नंबरप्लेट घेतलीत तर एरवी ती प्रदर्शनं, क्लबचे कार्यक्रम, मिरवणुका यांनाच नेता येते, पण ऑगस्टमध्ये मोकळेपणाने चालवायची मुभा आहे. त्याच ऑगस्टमध्ये वूडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर 1995 पासून ड्रीम क्रूझ भरत आली आहे. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत रस्ता जुन्या गाड्यांनी फुलून जातो. तिथे, सांगायला हवं, लोक लिंकनकडे जास्त बघतात. मित्राची टाऊन कार पुढे आणि माझी गाडी मागे असली की फूटपाथवर खुर्च्या टाकून बसलेली मंडळी आधी हात तिला करतात. 1977 ची कॅडिलॅक आजच्या नजरेलाही मोठीच आहे, पण लिंकन बघितल्यावर माणूस थबकतो. त्या काळाचं दर्शन घडवायचं असेल, तर ते लिंकनच घडवते. हे मी मान्य करतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

तेव्हा तुमच्याकडे शेतावरची शेड असेल, किंवा बावीस-चोवीस फूट खोलीचं गॅरेज असेल, तर 1977 ची, 460 ची, शक्यतो दक्षिणेकडून आलेली लिंकन शोधा आणि माझं बाकीचं बोलणं विसरा. नेहमीच्या वीस फुटांत राहणाऱ्याने, त्यातून घरात वडीलधारी माणसं असतील तर, डी व्हिल घ्यावी असं मला वाटतं. आणि गाडी बघायला निघण्याआधी एक काम करा. गॅरेजचं दार बंद करून, दाराच्या आतल्या बाजूपासून समोरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत टेप धरा. भिंतीपर्यंत नाही, अडथळ्यापर्यंत. आकडा 250 इंचांच्या खाली आला तर लिंकनच्या मालकाला फोन करू नका. एकदा त्या गाडीत बसलात की परत येताना टेपचा आकडा आठवणार नाही.